हेफे फ्लोराल्बा आणि धुराच्या बायका

फ्लोराल्बा एरासोला गप्प बसवण्याचे प्रयत्न तिच्या शाळेपासून सुरू झाले होते. पुएंतेफ्रिओच्या शाळेतल्या नन्सनी तिला कोपऱ्यात उभं करून पाहिलं, वडिलांनी बटाट्याच्या शेतात नेऊन दमवून पाहिलं आणि लग्नानंतर नवऱ्याने रुसून पाहिलं. कशाचाही उपयोग झाला नाही. तिला एखादी गोष्ट दिसली की ती बोलून दाखवायची, आणि तीही ज्याच्याबद्दल असेल त्याच्या तोंडावर. नवरा पुढे ट्रक घेऊन समुद्राकडे तुमाकोला गेला, तो तिकडचाच झाला. त्याबद्दल ती म्हणायची, "तो जाणार हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याला स्वतःला नंतर कळलं."

पास्तो शहरात शिकून ती गावच्या सरकारी रुग्णालयात आली आणि मेडिसिनच्या वॉर्डात हेफे झाली. वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेला आमच्याकडे हेफे म्हणतात, म्हणजे मुख्य. आता ती कसली मुख्य, हे विचारू नये. डॉक्टर वरून बोलतात, नातेवाईक समोरून बोलतात आणि हेफे मधे उभी असते. पण फ्लोराल्बाने तो शब्द फारच मनावर घेतला होता. रुंद खांदे, आखूड मान, गालांवर थंडीने कायमची उमटलेली लाली. ती चालत आली की बुटांच्या आवाजावरून वॉर्डाला कळायचं.

त्या वॉर्डात अर्ध्याहून जास्त खाटांवर धुराच्या बायका असायच्या. हा शब्द तिचाच. वरच्या वस्त्यांमध्ये चूल घराच्या मधोमध असते, तीन दगडांची. धुराला वाट नसते. तिथेच स्वयंपाक होतो, तिथेच पोरं वाढतात, तिथेच भिंतीकडच्या गवतात कुई, म्हणजे गिनीपिग, पळत असतात, सणाला भाजायचे. या बायकांनी जन्मात कधी विडी ओढली नाही, पण त्यांची फुप्फुसं खाणीत काम केलेल्या माणसासारखी काळी. साठीच्या पुढे त्या एकेक करून यायला लागायच्या. दम लागलेला, ओठ निळे, डोक्यावरची काळी फेल्ट टोपी मात्र सरळ. ऑक्सिजन, वाफारा, इंजेक्शनं. थोडं बरं वाटलं की घरी. काही आठवड्यांनी परत. मग त्याहून लवकर परत.

फ्लोराल्बा त्यांना अंघोळ घालायची, भरवायची, उठवून बसवायची, आणि तेव्हा तिला जे दिसायचं ते ती साठवून ठेवायची. मागच्या खेपेला स्वतःची वेणी घालणारी बाई या खेपेला एक हात वर केला की थांबते. मागच्या खेपेला बसने आलेली या वेळी दुधाच्या गाडीत आडवी होऊन येते. आणखी एक खूण तिला हमखास दिसायची. बाई आपली टोपी लेकीच्या हातात देते आणि सांगते, घरी घेऊन जा, इथे धूळ बसेल. टोपी घरी गेली की फ्लोराल्बा त्या बाईचं नाव मनात वेगळं काढून ठेवायची.

पास्तोला एका प्रशिक्षणात तिला एक प्रश्न शिकवला होता. हा रुग्ण वर्षभरात गेला, तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का? नाही वाटणार असं मन म्हणालं, तर त्याला पॅलिएटिव्ह डॉक्टरांना दाखवा, म्हणजे त्याचा दम, त्याचं दुखणं, त्याची भीती यांच्याकडे वेळेवर कुणीतरी बघेल. फ्लोराल्बाने तो प्रश्न आपल्या सोयीने बदलून घेतला होता. पुढच्या बटाटे काढणीला ही बाई नसली, तर मला नवल वाटेल का?

अडचण उत्तराची नव्हती, ते कुणापुढे बोलायचं याची होती. दर गुरुवारी पास्तोहून डॉक्टर नोगेरा यायच्या, बारीक, चष्मेवाल्या, सतत सर्दी झालेल्या. मागच्या पॅसेजमधल्या लहानशा खोलीत त्या पॅलिएटिव्हचे रुग्ण बघायच्या. तिथे फक्त कॅन्सरची माणसं जायची. असा नियम कुठेच नव्हता, नुसती सवय होती. शिवाय वॉर्डातून कुणाला तिकडे पाठवायचं ते डॉक्टर बुर्बानो ठरवायचे, आणि डॉक्टर बुर्बानो कुणालाच पाठवायचे नाहीत.

बुर्बानो वाईट माणूस नव्हते. गावचेच, न्हाव्याचा मुलगा. पास्तोतली चांगली जागा सोडून परत आलेले. तिथे असताना त्यांनी एक गोष्ट पुष्कळदा पाहिली होती. डोंगरातून आलेली म्हातारी म्हटली की अतिदक्षता विभागात खाट नसायची, आणि शहरातल्या वकिलाचा बाप आला की असायची. त्यामुळे इथे आल्यापासून ते एकेका खाटेसाठी फोनवर तासन्‌तास भांडायचे. पॅलिएटिव्ह हा शब्द काढला की त्यांचा चेहरा घट्ट व्हायचा. त्यांना त्यात एकच अर्थ ऐकू यायचा, की गरिबाला कमी द्या आणि वर त्याला गोड नाव द्या.

फ्लोराल्बाने पहिल्यांदा तोंड उघडलं ते सेगुंदो तुल्कान नावाच्या म्हाताऱ्यासाठी. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, पाठीला उशा लावून बसल्याशिवाय झोप नाही. तिने राऊंडला सरळ सांगितलं की यांना नोगेरांना दाखवायला हवं, हे पुढची काढणी बघणार नाहीत असं मला वाटतं. बुर्बानोंनी तिच्याकडे न बघता पुढची खाट गाठली. मग तिने गुरुवारी चाकाच्या खुर्चीत सेगुंदोबाबांना बसवलं आणि क्ष-किरणाला नेते असं सांगून मागच्या पॅसेजमध्ये नेलं. नोगेरांनी त्यांचं औषध बदललं, दम लागल्यावर काय करायचं ते मुलाला शिकवलं आणि बाबा घरी गेले.

आणि बाबा मेलेच नाहीत. ती काढणी झाली, पुढची झाली, त्याच्या पुढचीही झाली. दर शनिवारी बाजारात ते मक्याच्या पोत्यावर बसलेले असायचे आणि फ्लोराल्बा दिसली की चार लोकांत हाक मारायचे, "काय हेफे, नवल वाटतंय का नाही अजून?" बाजार हसायचा. वॉर्डातही कुणी ना कुणी ही गोष्ट काढायचं आणि तिच्याकडे बघायचं. तिला ते लागायचं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. ती म्हणायची, मी तारीख चुकले, माणूस नाही चुकले. बाबांना विचारा, आडवं होऊन झोपता येतं की नाही आता. ते येत होतं. बाबांनीच एकदा सगळ्यांसमोर तसं सांगितलं आणि मग तिला भाजलेल्या मक्याचं कणीस देऊन म्हणाले, "मरेन तेव्हा पहिलं तुम्हालाच कळवतो, म्हणजे तुमची शान राहील."

सोइला कुआस्तुमाल वॉर्डात आली तोवर फ्लोराल्बाचं नाव असं थोडं थट्टेचं आणि थोडं धसक्याचं झालं होतं. सोइलाआजी वरच्या वस्तीतली. जन्मभर मेंढ्या राखल्या, लोकर कातली, आणि एकुलत्या एका मुलीला, एस्नेदाला, एकटीने वाढवलं. जिभेला धार होती. पहिल्या खेपेला तिने वॉर्डातल्या सुपाला भांडी धुतलेलं पाणी म्हटलं होतं. दुसऱ्या खेपेला मारित्सा नावाच्या लाजऱ्या मदतनीस मुलीला सुई कशी टोचावी ते मेंढीच्या उदाहरणाने समजावलं होतं. तिसऱ्या खेपेला ती कुणालाच काही बोलली नाही. सूप आलं, तिने चमचा बुडवला आणि तसाच ठेवून दिला. संध्याकाळी एस्नेदा निघाली तेव्हा टोपी तिच्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना आजीने डोळे मिटूनच विचारलं, "हेफे, मी यातून उठणार का?"

फ्लोराल्बाने टॉवेल खाली ठेवला. असं विचारलं की डॉक्टरांना विचारा म्हणायचं, अशी वॉर्डाची पद्धत होती. ती म्हणाली, "या वेळी थोडंफार उठाल, आजी. पण पूर्वीसारखं नाही. आणि पुढची खेप याहून जड असेल."

आजी बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मग मला ती नळी नको. घशातली. माझ्या जावेला घातली होती पास्तोला. तिचे हात बांधून ठेवले होते खाटेला. मेंढीचे बांधतात तसे."

"तुम्हाला काय हवंय?"

"माझी चूल," आजी म्हणाली.

राऊंडला फ्लोराल्बाने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आजीला अतिदक्षता विभाग नको आहे, आजीने स्वतः तसं म्हटलं आहे, गुरुवारी नोगेरांना दाखवू या. बुर्बानोंनी तिला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले की कॅन्सर नाही, फुप्फुसाचा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. दमलेली, घाबरलेली बाई काहीही बोलते. आणि यापुढे हा विषय परिचारिकांनी रुग्णाजवळ काढायचा नाही. तुमच्या काढणीच्या भविष्यवाणीचं काय झालं ते सगळ्या बाजाराला माहीत आहे, असंही ते जाता जाता म्हणाले.

फ्लोराल्बा म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही यांच्यासाठी साऱ्या जगाशी भांडता. एकदा यांनाही विचारा ना, काय पाहिजे म्हणून."

ते निघून गेले. दुसऱ्या खाटेवर कुणाचा तरी श्वास अडकला होता म्हणून. हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला अधिक राग आला.

शनिवारी सकाळी सोइलाआजीचा श्वास पुन्हा बिघडला. बुर्बानोंनी फोनवर आवाज चढवून, जुन्या ओळखी काढून, शेवटी धमकी देऊन पास्तोला अतिदक्षतेची खाट मिळवली. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान. एस्नेदाने त्यांचे हात धरले. आजीने ऑक्सिजनच्या मुखवट्याखालून नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. एकदा मारित्साला, एकदा डॉक्टरांना. मारित्सा रडायला लागली. डॉक्टरांनी आजीच्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, घाबरू नका.

स्ट्रेचर दारापर्यंत आलं. बाहेर अँब्युलन्स मागचं दार उघडून उभी होती. बाजाराचा दिवस असल्याने रुग्णालयासमोर लोक, कोंबड्या, बटाट्याची पोती. फ्लोराल्बा स्ट्रेचरच्या पुढे चालत होती, सलाईनची बाटली हातात धरून. अँब्युलन्सजवळ पोचल्यावर तिने ती बाटली मारित्साच्या हातात दिली, वळली आणि अँब्युलन्सच्या पायरीवर बसली. पायरी अरुंद, ती रुंद. आत जायला जागाच उरली नाही.

ड्रायव्हरने आधी काळजीने विचारलं, हेफे, चक्कर आली का? ती म्हणाली, नाही, बसलेय. मग तो हसला. मग त्याला कळलं आणि तो डॉक्टरांना बोलवायला पळाला.

तेवढ्यात एस्नेदा पुढे आली. रात्रभर जागलेली, केस सुटलेले. ती म्हणाली, "माझ्या आईची खाट रिकामी करायची एवढी घाई झालीय तुम्हाला? माहितीय मला तुमचं सगळं. तुम्ही माणसं मोजता. कोण मरणार ते सांगत फिरता."

बाजार ऐकत होता. फ्लोराल्बाने दोन्ही हात मांडीखाली घातले. तिला या मुलीला सांगायचं होतं की तू चुकत नाहीस, मी खरंच मोजते, पण मोजते ती माणसं कुणी न विचारता बांधून नेऊ नयेत म्हणून. तिने ते सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "एस्नेदा, तुझी आई दोनदा नाही म्हणाली. तू ऐकलंस. मीही ऐकलं."

बुर्बानो आले. पांढरा कोट उघडा, मागे ड्रायव्हर. ते म्हणाले, "उठा, हेफे."

"तुम्ही आजीला विचारा. मग उठते."

"या बसण्याने एक माणूस मरेल."

"असेल. पण कुठे मरायचं ते तिने ठरवावं. मी नाही, तुम्हीही नाही."

बुर्बानोंनी एक क्षण तिच्याकडे असं पाहिलं की ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला. मग ते स्ट्रेचरकडे वळले. वाकले. इतका वेळ ते आजीच्या छातीशी, नाडीशी, यंत्रावरच्या आकड्याशी बोलत होते. आता त्यांनी तिच्या तोंडाजवळ कान नेला. त्यांनी विचारलं की खाट मिळाली आहे, तिथे यंत्र आहे, तुम्हाला कळतंय ना? आजीने मान हलवली. त्यांनी विचारलं की नाही गेलात तर हे शेवटचं असू शकेल, तेही कळतंय? तिने पुन्हा मान हलवली आणि मुखवटा बाजूला केला. "तुम्ही चांगलं पोर आहात," ती म्हणाली. मधे दोनदा थांबली. "तुमच्या बापाने माझ्या नवऱ्याचे केस कापलेत. मला घरी पाठवा."

बुर्बानो सरळ झाले. त्यांनी स्ट्रेचर वळवायची खूण केली आणि रुग्णालयात परत गेले. त्यांच्या चालण्यावरून ते दहा वर्षांनी म्हातारे वाटले, आणि फ्लोराल्बाला त्याचा आनंद झाला नाही. मग ती पायरीवरून उठली. समोर पोत्यावरून सेगुंदोबाबांनी टोपी काढून तिला नमस्कार केला. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

औषधांवर आजीने मधले पाच दिवस काढले. गुरुवारी फ्लोराल्बाने तिला मागच्या पॅसेजमध्ये नेलं, या वेळी क्ष-किरणाचं नाव न सांगता. नोगेरांनी नाक पुसत तिची सगळी हकीगत ऐकली आणि विचारलं की असे आणखी किती आहेत वॉर्डात. फ्लोराल्बाने तिथल्या तिथे नावं घेतली. नोगेरा वैतागल्या. "मग इतके दिवस पाठवलं का नाहीत? माझ्या दारावर कॅन्सर असं लिहिलंय का?"

आजी घरी गेली. ऑक्सिजनची टाकी, मॉर्फिनच्या थेंबांची बाटली, हातात धरायचा एक छोटा पंखा. सुट्टीच्या दिवशी फ्लोराल्बा दुधाच्या गाडीने वर गेली. एस्नेदाने दार उघडलं पण आत या म्हटलं नाही. थेंब तिने दिलेच नव्हते. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. फ्लोराल्बा तिच्याशी वाद घालत बसली नाही. तिने आजीला थोडे थेंब दिले, खिडकी उघडली, चेहऱ्यासमोर पंखा धरला आणि एस्नेदाला बाजूला बसवून घेतलं. दोघी आजीच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. श्वासासाठी कानापर्यंत उचलले जाणारे ते खांदे हळूहळू खाली आले. आजी जागीच होती. तिने डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाली की दोघी मेंढ्यांसारख्या काय बघताय, कुणीतरी बटाटे भाजा.

तिथून चुलीचा प्रश्न निघाला. आजीची खाट आतल्या खोलीत होती, टाकी जवळ, चूल विझलेली. आजीला खाट चुलीपाशी हवी होती आणि चूल पेटलेली हवी होती. एस्नेदा म्हणाली की याच धुराने तुझी छाती खाल्ली. आजी म्हणाली, "खाल्ली ना? मग आता तिथे काय उरलंय खायला?"

फ्लोराल्बाला हसू आलं, पण टाकीचं काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ऑक्सिजन आणि आग एका खोलीत म्हणजे घर पेटणार. तिने आजीला स्पष्ट सांगितलं की दोन्ही एका वेळी मिळणार नाहीत. चूल हवी असेल तर टाकी बंद करून अंगणात जाईल, आणि टाकी नसताना दम जास्त लागेल. थेंब आहेत, पंखा आहे, पण तरी लागेल.

"ठेवा ती बाहेर," आजी म्हणाली.

मग रोज दुपारी तसंच व्हायचं. एस्नेदा टाकी अंगणात ओढून न्यायची, दार आणि खिडकी उघडी ठेवायची, वाळलेली लाकडं घालून चूल पेटवायची. आजी उशांना टेकून जाळाकडे बघत बसायची, मांडीवर लोकर. राखेतले बटाटे, गुळाचं गरम पाणी. कुई गवतातून तिच्या पायांपर्यंत येऊन परत पळायचे. शेजारच्या बायका यायच्या, भांडून जायच्या. दिवस उतरला की चूल विझवून राख काढायची आणि मगच टाकी आत. नोगेरांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला आणि पंखा दुसरा पाठवला.

सोइलाआजी तिथेच गेली, एका दुपारी, सातूच्या सुपात मीठ कमी आहे अशी तक्रार करून. एस्नेदा मीठ आणायला वळली तेवढ्यात. फ्लोराल्बा त्या वेळी रुग्णालयात होती, संचालकांच्या खोलीत उभी.

कारण बाकीचं थांबलं नव्हतं. अँब्युलन्स अडवली म्हणून चौकशी लागली होती. संचालकांनी तिला विचारलं की पश्चात्ताप होतोय का. ती म्हणाली, होतोय, आधीच्या बायकांच्या वेळी बसले नाही याचा. संचालकांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. बुर्बानोही तिथे होते. त्यांनी एवढंच म्हटलं की हेफेंनी पद्धत मोडली हे खरं, आणि रुग्ण स्वतः नाही म्हणाला हेही खरं. त्यामुळे तिची नोकरी वाचली. वॉर्ड मात्र गेला. तिला लसीकरणाच्या खिडकीवर बसवलं.

सगळ्यांना वाटलं, आता ती गप्प होईल. लसीच्या खिडकीत दिसणार काय, तर रडणारी पोरं. पण पोरांना घेऊन कोण येतं? आज्या येतात. वरच्या वस्त्यांमधून, पाठीला नातवंड बांधून. फ्लोराल्बा पोराला टोचता टोचता आजीकडे बघायची. रस्ता ओलांडताना कितीदा थांबली. बाकावर बसल्यावर किती वेळाने बोलायला लागली. पोराला उतरवायला दुसऱ्याची मदत घेतली का. मग पोराच्या दंडावर कापूस दाबून ती आजीला सांगायची, तुम्ही गुरुवारी या, मागच्या पॅसेजमध्ये, नोगेरा डॉक्टरांकडे, मी पाठवलंय म्हणून सांगा. संचालकांकडे तक्रार गेली. त्यांनी विचारलं की हे काय चाललंय. ती म्हणाली, "तुम्ही मला वॉर्डातून काढून खिडकीशी बसवलंत. आता मला सगळा डोंगर दिसतो."

वॉर्डातही गोष्ट मिटली नव्हती. तिथल्या नव्या हेफेने तोंड उघडलं नाही, पण एका सकाळी राऊंडला मारित्सा, जिला स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटायचा, ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली की डॉक्टर, या बाईंची टोपी काल घरी गेली. बुर्बानोंनी विचारलं, मग? मारित्सा लालबुंद झाली पण सरकली नाही. म्हणाली, मग यांना गुरुवारी दाखवू या. बुर्बानो म्हणाले, आता तुम्हीही? ती म्हणाली, हो डॉक्टर, मीसुद्धा. त्यांनी त्या बाईला विचारलं की तुम्हाला काय वाटतं. बाईंनी सांगितलं. ते पुढच्या खाटेकडे गेले आणि जाताना म्हणाले, दाखवा. पॅलिएटिव्ह हा शब्द त्यांनी अजूनही उच्चारलेला नाही. खाटेसाठी फोनवर भांडणंही सोडलेलं नाही, आणि फ्लोराल्बाच्या मते सोडूही नये. ज्याला जायचं आहे त्याच्यासाठी भांडायलाच हवं.

एस्नेदा एकदा आपल्या लहान पोरीला घेऊन लसीला आली. पोरीला टोचून झालं तरी ती उठली नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात असं मी म्हणणार नाही. ती कदाचित पास्तोला वाचली असती." फ्लोराल्बा म्हणाली, कदाचित. एस्नेदा म्हणाली, "पण शेवटी तिचे हात मोकळे होते." मग पोरीला पाठीला बांधून ती गेली. तिने आभार मानले नाहीत आणि फ्लोराल्बाने त्याची वाट पाहिली नाही.

पुढे संचालकांनी तिला वॉर्ड परत देऊ केला. अट एवढीच, की जे वाटतं ते डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून सांगायचं, खाटेपाशी नाही. तिने अट ऐकून घेतली आणि विचारलं की रुग्ण त्या खोलीत असेल का. नाही, म्हणाले. मग मी खिडकीतच बरी, ती म्हणाली.

गुरुवारी मागच्या पॅसेजमध्ये आता उभं राहायला जागा नसते. काळ्या टोप्या घातलेल्या बायका भिंतीला टेकून खोकत असतात, दम खात असतात. हृदयाची माणसं असतात, मूत्रपिंडाची असतात, कॅन्सरचीही असतात. बाक एकच. फ्लोराल्बाने वरिष्ठांकडे बाक मागितले, पुन्हा मागितले. मग एका गुरुवारी सकाळी ती आणि मारित्सा संचालकांच्या बैठकीच्या खोलीत गेल्या आणि तिथल्या गादीच्या खुर्च्या एकेक करून उचलून पॅसेजमध्ये आणून मांडल्या. बायका आधी बसेनात. इतक्या मऊ खुर्चीवर चिखलाच्या बुटांनी कसं बसायचं. फ्लोराल्बाने एकीला खांद्याला धरून बसवलं, मग सगळ्या बसल्या.

थोड्या वेळाने लसीच्या खिडकीशी शिपाई आला, चेहरा पाडून. साहेबांची बैठक आहे, खुर्च्या परत हव्यात. फ्लोराल्बा तेव्हा एका पोराचा दंड पुसत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "साहेबांना म्हणावं, स्वतः या. आणि जी बसलीय तिला तुम्हीच उठा म्हणा."

साहेबांनी बैठक उभ्याने घेतली.